सुरुवातीच्या अमूर्त निसर्गचित्रांतली गती आणि भावना कशी वाचायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समोर चित्र आहे. उतार असावा असं वाटतं, घोडे असावेत असंही वाटतं, पण खात्री होत नाही. मग आपण शेजारच्या पाटीकडे वळतो, नाव वाचतो आणि पुढच्या चित्राकडे निघतो. रशियन चित्रकार वासिली कांदिन्स्कीचं ‘रोमँटिक निसर्गचित्र’ हे १९११ सालचं तैलचित्र माझ्या टेबलासमोर छापील प्रतीच्या रूपात बरीच वर्षं लावलेलं आहे. खालची बरीचशी उत्तरं त्याच चित्राकडे बघत लिहिली आहेत.

‘सुरुवातीचं अमूर्त निसर्गचित्र’ म्हणजे नेमकं काय?

साधारण १९०८ ते १९१५ या काळात युरोपातल्या काही चित्रकारांनी डोंगर, झाड, गाव, समुद्र हे विषय हातात घेतले आणि ते हळूहळू सोडूनही दिले. या सोडण्याच्या वाटेवरची चित्रं म्हणजे सुरुवातीची अमूर्त निसर्गचित्रं. त्यांत निसर्ग पूर्ण पुसलेला नसतो. कुठे चर्चचा मनोरा उरतो, कुठे टेकडीची कड, कुठे पावसाच्या तिरक्या रेघा. बाकी सगळं रंग आणि रेषा यांच्या हवाली केलेलं असतं.

हा अर्धवटपणा म्हणजे उणीव नाही. डोंगर ओळखू येतो आणि पुढच्याच क्षणी हातातून निसटतो, त्या निसटण्यात या चित्रांची जान आहे. पूर्ण अमूर्त चित्रात हे निसटणं अनुभवता येत नाही, कारण तिथे धरून ठेवायला काही नसतंच.

जगातलं पहिलं अमूर्त चित्र कोणाचं?

या वादात फार अडकू नये. कांदिन्स्कीचं एक जलरंगचित्र बरीच वर्षं ‘पहिलं’ म्हणून सांगितलं गेलं. त्यावर १९१० साल लिहिलेलं आहे, पण ते प्रत्यक्षात १९१३च्या सुमाराचं असावं असं अनेक अभ्यासक मानतात. स्वीडनची चित्रकार हिल्मा आफ क्लिंट १९०६-०७ मध्येच अमूर्त रूपं रंगवत होती. चित्र वाचायला या क्रमांकांचा उपयोग होत नाही.

कांदिन्स्की निसर्गचित्राकडून अमूर्ताकडे कसा गेला?

तो १८६६ साली मॉस्कोत जन्मला आणि कायदा व अर्थशास्त्र शिकला. तिशीत आल्यावर, १८९६ साली, प्राध्यापकीची संधी सोडून चित्रकला शिकायला म्यूनिकला आला. त्याआधी मॉस्कोच्या एका प्रदर्शनात त्याने फ्रेंच चित्रकार मोनेचं गवताच्या गंजीचं चित्र पाहिलं होतं. ती गंजी आहे हे त्याला सूची वाचल्यावरच कळलं. विषय ओळखता न येणं त्याला आधी खटकलं, पण चित्र मनातून जाईना. वस्तू हरवली तरी चित्र उभं राहू शकतं, ही शंका बहुधा तिथेच रुजली.

१९०८च्या उन्हाळ्यात तो गाब्रिएल म्यूंटर, याव्लेन्स्की आणि वेरेफ्किन या चित्रकार मित्रमंडळींसोबत मुर्नाऊला गेला. म्यूनिकच्या दक्षिणेला, आल्प्सच्या पायथ्याशी असलेलं हे छोटं गाव. पुढच्याच वर्षी म्यूंटरने तिथे घर घेतलं. तिथल्या लोककलेतली काचेच्या मागून रंगवलेली चित्रं दोघांनाही फार आवडली: सपाट झळझळीत रंग, भोवती जाड काळी रेघ, सावल्यांची फिकीर नाही. मुर्नाऊच्या चित्रांत घरं निळी होतात, रस्ता गुलाबी होतो, आभाळ पिवळं पडतं, ते या पार्श्वभूमीवर.

घराखालून रेल्वे जायची. १९०९च्या ‘मुर्नाऊजवळची रेल्वे’ या चित्रात काळी गाडी सुसाट निघाली आहे आणि एक छोटी मुलगी रुमाल हलवते आहे. इथे गती अजून वस्तूची आहे, कारण गाडी धावते. दोनच वर्षांत ती गाडीतून सुटून रेषेत आली.

आणखी एक प्रसंग कांदिन्स्कीने स्वतः लिहून ठेवला आहे. एकदा संध्याकाळी तो घरी आला, तर खोलीत एक विलक्षण सुंदर चित्र दिसलं. त्यात काय काढलंय ते समजेना, नुसते आकार आणि रंग. जवळ जाऊन पाहिलं तर ते त्याचंच चित्र होतं, भिंतीला आडवं टेकवून ठेवलेलं. दुसऱ्या दिवशी उजेडात तोच परिणाम पुन्हा मिळेना, कारण आडवं ठेवलं तरी आता वस्तू ओळखू येत होत्या. आपल्या चित्रांना वस्तूच अडथळा करतात, हे तेव्हा पक्कं झाल्याचं तो सांगतो.

चित्रासमोर उभं राहिल्यावर सुरुवात कुठून करायची?

बहुतेक जण ‘हे काय आहे?’ इथून सुरुवात करतात, आणि ज्यांना अमूर्त चित्रांची थोडी माहिती असते ते ‘हे काय वाटायला लावतंय?’ इथून. माझं मत दोन्हींच्या विरुद्ध आहे. आधी ‘हे कुठे चाललंय?’ असं विचारा.

भावना थेट हाताला लागत नाही. ‘उदास वाटतं’, ‘प्रसन्न वाटतं’ असं पटकन बोलून गेलो की चित्र तिथेच मिटतं. गती मात्र बोटाने दाखवता येते. इथून वर चढते, इथे अडते, इथे फुटते. शेजारच्या माणसाला दाखवली तर तोही पाहू शकतो, नाही म्हणू शकतो, दुसरी वाट दाखवू शकतो.

मी करते ती एक साधी गोष्ट सांगते. छापील प्रतीवर बटर पेपर ठेवायचा आणि पेन्सिलीने फक्त नजर जिथून जाते तिथून रेघ ओढायची. आकार गिरवायचे नाहीत. दोन-तीन मिनिटांनी कागद उचलून पाहिला की त्यावर एक नकाशा असतो: काही ठिकाणी रेघांचा गुंता, काही ठिकाणी कोरा कागद. गुंता जिथे, तिथे चित्राने तुम्हाला धरून ठेवलं. कोरं जिथे, तिथे तुम्ही गेलाच नाहीत. मग मुद्दाम त्या कोऱ्या जागी जा.

चित्र तर हलत नाही. मग त्यात गती येते कुठून?

थोडी आपल्या डोळ्यांतून येते. पाहताना नजर सरळ सरकत नाही, ती सेकंदाला साधारण तीन-चार उड्या मारते. चित्रकार या उड्यांसाठी पायऱ्या मांडून ठेवतो.

सगळ्यात ठळक पायरी तिरकी रेषा. आडवी रेषा पहुडलेली असते, उभी रेषा तोल सांभाळून उभी असते. तिरकी रेषा मात्र पडण्याच्या किंवा उठण्याच्या मधोमध पकडलेली वाटते. आपण आयुष्यभर उतार चढलो-उतरलो आहोत, ते शरीराला आठवतं.

‘रोमँटिक निसर्गचित्रा’त तीन घोडेस्वार उतारावरून भरधाव खाली येताहेत. जवळून पाहिलं तर घोडा असा नाहीच. एक बाक पाठीचा, दोन-तीन फटकारे पायांचे, वर एक ठिपका म्हणजे स्वार. चेहरे नाहीत, लगाम नाहीत, खोगीर तर लांबच. जे जे म्हणून घोड्याला थांबवू शकेल ते सगळं काढून टाकलंय आणि झेप तेवढी ठेवली आहे. एकच घोडा असता तर ती आकृती झाली असती. तीन एकामागोमाग आले की नजर पहिल्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर उडी घेते आणि दौड आपल्याच डोळ्यांत सुरू होते. पुनरावृत्तीचं काम हेच.

या दौडीला विरोध करणारा एक गडद, उभा खडकासारखा आकार चित्रात आहे. तो हलत नाही. मी कितीतरी वेळा बोटाने तो झाकून पाहिला आहे. तो झाकला की घोडे मंदावतात! अडवणारं काही नसलं की वेग मोजायचा कशावर? नदीचा जोर दगडाशी कळतो, तसंच हे.

कडा हीसुद्धा पायरी आहे. ठाम रेघेने बंद केलेला रंग जागच्या जागी बसतो. रेघेबाहेर सांडलेला रंग सरकत राहतो. १९१०नंतरच्या कांदिन्स्कीत रेघ एकीकडे आणि रंग दुसरीकडे असं सारखं होतं. टेकडीची रेघ संपते, तिचा हिरवा मात्र पुढे वाहत जातो, आणि त्या दोघांमधल्या फटीत चित्र हलायला लागतं.

शेवटी हाताची गती. रंग पातळ आहे की दाट, फटकारा लांब आहे की तुटक, कुंचला दाबून फिरवला आहे की उडता, हे सगळं पृष्ठभागावर उरलेलं असतं. चित्रकाराचा हात किती वेगाने गेला हे शंभर वर्षांनंतरही दिसतं.

गती दिसली. आता भावनेपर्यंत कसं जायचं?

विशेषणं बाजूला ठेवा आणि क्रियापदं शोधा. मराठीत त्यांची चंगळ आहे. चित्रातला रंग ओघळतो की उसळतो? रेषा झेपावते की घुटमळते? आकार कोसळतात, सरकतात, दाटतात, विखुरतात की नुसते रेंगाळतात? ‘ओघळणं’ आणि ‘कोसळणं’ दोन्ही खालीच जाणारी, पण एकात थकवा आहे, दुसऱ्यात धक्का. नेमकं क्रियापद सापडलं की भावना त्याच्या पोटातच असते, वेगळी शोधावी लागत नाही.

‘रोमँटिक निसर्गचित्रा’साठी मी बरेच दिवस ‘धावतात’ म्हणत होते. मग लक्षात आलं की घोडे धावत नाहीत, स्वतःला झोकून देतात. धावणाऱ्याला पोहोचायचं असतं. झोकून देणाऱ्याला कुठे उतरणार हे ठाऊक नसतं. त्या एका शब्दाबरोबर चित्राचा आनंद आणि त्यातली भीती दोन्ही एकदम कळली. याआधी मला त्यात फक्त आनंद दिसत होता.

भावना एकच असली पाहिजे असा आग्रह धरू नका. चांगल्या चित्रात वरच्या कोपऱ्यात एक चाललेलं असतं आणि खाली दुसरंच. त्यांची बेरीज करायची घाई नको.

रंगांचे अर्थ ठरलेले असतात का? निळा म्हणजे शांत, लाल म्हणजे राग?

नाही. पण कांदिन्स्कीने या विषयावर फार गंभीरपणे विचार केला होता आणि तो जाणून घेण्यासारखा आहे. १९११च्या अखेरीस आलेल्या ‘कलेतील आध्यात्मिकतेविषयी’ या पुस्तकात तो रंगांना हालचाल देतो. पिवळा पाहणाऱ्याच्या अंगावर येतो आणि बाहेर पसरतो. निळा आत वळतो, दूर जातो. हिरव्यात दोघांच्या हालचाली एकमेकींना थोपवतात, म्हणून तो स्थिर. लाल स्वतःच्या जागीच धगधगतो.

म्हणजे त्याच्या दृष्टीनेही रंग म्हणजे आधी गती आणि मग भावना. रंगांच्या अर्थाचे जे तक्ते हल्ली जिथे तिथे दिसतात, त्यांत ही मधली पायरीच गळून पडलेली असते.

त्याची मांडणी नियम म्हणून घेतली तर फसगत होते, कारण रंग शेजाऱ्यावर अवलंबून असतो. फिकट पांढुरक्या रंगावरचा निळा डाग समोर येतो, तोच काळ्यात बुडवला तर आत जातो. चित्रातला एक रंग निवडा, हाताची मूठ दुर्बिणीसारखी करून तेवढाच पाहा, मग मूठ सोडा. शेजारी दिसू लागताच त्याचं काय होतं ते बघा.

संगीताचा इतका उल्लेख का होतो?

कारण संगीत काहीही न ‘दाखवता’ हलवतं, आणि या चित्रकारांना तेच हवं होतं. जानेवारी १९११ मध्ये म्यूनिकला संगीतकार शोनबर्गची मैफल ऐकून कांदिन्स्कीने ‘इम्प्रेशन ३ (मैफल)’ रंगवलं. त्यात पियानोचा काळा आकार आणि सभागृहभर लोटणारा पिवळा आहे. आपल्या चित्रांचे गटही त्याने संगीताच्या जवळ जाणाऱ्या नावांनी केले. बाहेरच्या निसर्गाचा थेट ठसा म्हणजे ‘इम्प्रेशन’, आतून अचानक उमटलेलं ते ‘इम्प्रोव्हायझेशन’, आणि पुन्हा पुन्हा घासून, तपासून घडवलेली ‘कॉम्पोझिशन’. निसर्गचित्र पाहताना हा भेद उपयोगी पडतो. समोर ठसा आहे की घडण, हे एकदा विचारून पाहावं.

चित्राचं नाव आधी वाचावं की नंतर?

नंतर. निदान पाच मिनिटांनंतर.

१९१३चं ‘इम्प्रोव्हायझेशन ३०’ बघा, ते शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. कंसात ‘तोफा’ असं नाव आहे आणि खालच्या बाजूला तोफा दिसतातही. ते विकत घेणाऱ्या आर्थर जेरोम एडीने विचारलं तेव्हा कांदिन्स्कीने कळवलं, की वर्षभर युद्धाच्या गोष्टी चाललेल्या असल्याने तोफा आल्या असाव्यात, पण युद्धाचं चित्र काढण्याचा हेतू नव्हता आणि ते नाव त्याने स्वतःच्या सोयीसाठी दिलं होतं. पण पाटी आधी वाचलेल्या माणसाला त्या चित्रात तोफांशिवाय दुसरं काही दिसत नाही. डळमळणारी घरं, कलंडलेले मनोरे यांकडे लक्षच जात नाही.

मग या चित्रांत १९१४च्या महायुद्धाची चाहूल आहे असं म्हणणं चूक का?

चूक म्हणणार नाही, पण उलटं वाचन आहे. पुढे काय घडलं ते आपल्याला माहीत आहे, १९११ साली कुंचला हातात घेतलेल्याला नव्हतं. ऑगस्ट १९१४ मध्ये रशियन नागरिक म्हणून कांदिन्स्कीला जर्मनी सोडावी लागली, त्याचा चित्रकार मित्र फ्रान्झ मार्क १९१६ साली युद्धात फ्रान्समधल्या व्हर्दांजवळ मारला गेला. हे ठाऊक असताना प्रत्येक तिरकी रेषा तोफेसारखी दिसू लागते. चित्रात अस्वस्थता असेल तर ती रेषेत दाखवा. इतिहासातून आणून त्यावर चिकटवू नका.

सगळी सुरुवातीची अमूर्त निसर्गचित्रं अशी वेगवानच असतात का?

मुळीच नाही. डच चित्रकार पीट मोंद्रिआनची झाडं पाहा. तीन चित्रं शेजारी ठेवून बघितली तर एक अख्खा प्रवास दिसतो.

१९०८ ते १९१० मधलं ‘संध्याकाळ: लाल झाड’. निळ्या पार्श्वभूमीवर पेटल्यासारखं झाड, वाऱ्याने एका बाजूला ओढलेल्या फांद्या. इथे वेदना उघड आहे. मग १९११चं ‘राखाडी झाड’. रंग गेला. फांद्यांच्या कमानी झाल्या आणि फांद्यांमधल्या रिकाम्या जागाही फांद्यांइतक्याच ठाशीव झाल्या. त्यानंतर १९१२चं ‘बहरलेलं सफरचंदाचं झाड’. त्यात नावापुरतं झाड आहे, उरल्या आहेत फक्त एकमेकींना छेदणाऱ्या हलक्या कमानी.

भावना कमी झाली का? मला तसं वाटत नाही. लाल झाडात ती झाडाच्या अंगात आहे, शेवटच्या चित्रात ती सगळ्या पृष्ठभागावर पसरली आहे, श्वासासारखी संथ. पुढे १९१५च्या, बंदराचा धक्का आणि समुद्र यांच्या चित्रात तर नुसत्या छोट्या आडव्या-उभ्या रेघा आहेत, आणि तरी पाण्यावरची लुकलुक थांबत नाही.

मला असं चित्र पाहून काहीच वाटत नाही. माझ्यात काही कमी आहे का?

नाही. बऱ्याचदा आपण थकलेले असतो, किंवा एका दालनात चाळीस चित्रं पाहून आलेलो असतो. एकच निवडा आणि बसा. डोळे किलकिले करून पाहा, म्हणजे तपशील जाऊन मोठे पुंजके राहतील. छापील प्रत असेल तर उलटी धरा. आडव्या चित्राचा कांदिन्स्कीला उपयोग झाला, तुम्हालाही होईल. तरीही काही झालं नाही तर सोडून द्या. प्रत्येक चित्र प्रत्येकाशी बोलतंच असं नाही.

मी लावलेला अर्थ चुकीचा असू शकतो का?

असू शकतो. ‘ज्याला जे वाटेल ते’ हे वाक्य उदार वाटतं, पण ते चित्राकडे पाठ फिरवणारं आहे. तुम्ही ‘इथे फार एकाकीपणा आहे’ म्हणालात तर तो कुठे आहे ते दाखवता आलं पाहिजे. बाकीच्यांपासून तुटलेला तो डाग, कोणत्याच रेघेला न मिळणारी ती रेघ. दाखवता आलं तर तो अर्थ चित्राचा. दाखवता आलं नाही तर ती तुमची आठवण आहे. तीही मोलाची असते, पण तिला आठवणच म्हणावं.

‘असं तर लहान मूलही काढेल’ याला काय उत्तर द्यावं?

१९१३च्या ‘कॉम्पोझिशन ७’ची हकिकत सांगावी. दोन मीटर उंच, तीन मीटर रुंद कॅनव्हास. तयारीची रेखाटनं, जलरंग, तैलरंगातले अभ्यास मिळून तीसहून अधिक. मग २५ ते २८ नोव्हेंबर या चार दिवसांत प्रत्यक्ष रंगवणं. म्यूंटरने मधल्या टप्प्यांची छायाचित्रं घेऊन ठेवली, त्यामुळे हे वादळ कुठून सुरू झालं आणि कसं पसरलं ते आजही पाहता येतं. मुलांच्या चित्रांबद्दल मात्र कांदिन्स्की आणि म्यूंटर दोघांनाही खरा आदर होता. ती दोघं मुलांची चित्रं जमवत असत.

फोनवर पाहिलं तर चालेल का?

सुरुवातीला चालेल. पण ‘रोमँटिक निसर्गचित्र’ साधारण ९४ सेंटिमीटर उंच आणि १२९ सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे पसरलेल्या हातांत जेमतेम मावेल एवढं. फोनवर एका नजरेत सगळं मावतं आणि प्रवास करायची गरजच उरत नाही. शक्य असेल तर मोठी छापील प्रत घ्या आणि ती रोज जाता-येता दिसेल अशी लावा.

मूळ चित्रं कुठे आहेत?

‘रोमँटिक निसर्गचित्र’, ‘मुर्नाऊजवळची रेल्वे’ आणि ‘इम्प्रेशन ३’ म्यूनिकच्या लेनबाखहाउस संग्रहालयात आहेत, मोंद्रिआनची तिन्ही झाडं हेगच्या कुन्स्टम्यूझियममध्ये, आणि ‘कॉम्पोझिशन ७’ मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयात.

म्यूनिकमधला साठा टिकला तो गाब्रिएल म्यूंटरमुळे. नाझी राजवटीत अशा चित्रांना ‘ऱ्हासकला’ ठरवून संग्रहालयांतून हटवलं जात होतं, तेव्हा तिने कांदिन्स्कीची आणि बाकी मित्रांची चित्रं मुर्नाऊच्या घराच्या तळघरात लपवून ठेवली. १९५७ साली, स्वतःच्या ऐंशीव्या वाढदिवशी, तिने ती म्यूनिक शहराला देऊन टाकली.

ते घर आता पाहायला खुलं आहे. समोर गावातलं चर्च आणि गढी दिसते, चित्रांत कलंडलेली असते तीच. आत लाकडी जिना आहे आणि त्याची कड कांदिन्स्कीने स्वतः रंगवली आहे: फुलं, आणि एकामागोमाग दौडणारे छोटे स्वार.